कोपऱ्यातलं हळदीचं बोट

सिंगापुरातल्या निम्म्याअधिक मराठी बायकांच्या साड्यांना फॉल संजीवनीने लावलाय असं कुणी म्हटलं, की ती लगेच दुरुस्ती करायची, "निम्म्याअधिक कसल्या, जवळजवळ सगळ्याच." चोआ चू कांगमधल्या तिच्या बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर माणसांना बसायला जागा मिळायची नाही. तिथे साड्या बसलेल्या असायच्या, प्रत्येकीला पिनने चिठ्ठी टोचलेली. 'स्मिता, जुराँग, शनिवार. मुंजीची आहे, विसरू नये.' फॉल हातानेच लावायचा. मशीनने मारलेला फॉल म्हणजे साडीचा अपमान, हे तिचं ठाम मत होतं आणि ते ती कुणी विचारलं नाही तरी सांगायची.

काम संपलं की घडी घालण्याआधी ती आणखी एक गोष्ट करायची. तिच्या शिवणाच्या डब्यात, बॉबिनांच्या खाली, एक एवढीशी स्टीलची डबी होती. त्यात हळद. साडी कोरी असली तर उलट्या बाजूला, खालच्या डाव्या कोपऱ्यावर, ती अनामिकेने हळदीचं बोट टेकवायची आणि मनात म्हणायची, घालणारीला लाभू दे. तिची आई असंच करायची. गिऱ्हाइकांनाही आता त्याची सवय झाली होती. एकदा गडबडीत राहून गेलं, तर एक बाई तेवढ्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, पुंगोलहून, साडी घेऊन परत आल्या.

हात असा वळला होता की तो कुणाचं ऐकायचा नाही. नवऱ्याचा नवा शर्ट, लेकीचा शाळेचा गणवेश, नवे पडदे, सगळ्यांच्या कोपऱ्याला पिवळा ठिपका. एकदा तिने नव्या पायपुसण्यालाही लावला, तेव्हा विश्वासने विचारलं, "हे कोणाला लाभायचंय?"

विश्वास म्हणजे तिचा नवरा, तांजोंग पगारला एका बँकेत. त्याच्या गळ्यात निळ्या पट्टीला लटकलेलं कार्ड असायचं. आता खरं सांगायचं तर संजीवनीला दागिन्यांची हौस नव्हती, प्रवासाची नव्हती. तिला ती पट्टी हवी होती. सकाळच्या एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, ज्याच्या त्याच्या गळ्यात फोटोचं कार्ड. कालची पोरं, मिसरूड न फुटलेली, त्यांच्याही गळ्यात. लग्नानंतरच्या एकोणीस वर्षांत तिच्या गळ्यात मंगळसूत्राखेरीज काही लटकलं नव्हतं, आणि कुठलाही फॉर्म आला की 'व्यवसाय' या रकान्यापुढे विश्वास न विचारता 'हाउसवाइफ' लिहून मोकळा व्हायचा. हजारो साड्या गेल्या हाताखालून. तो काय व्यवसाय नव्हता?

म्हणून २००६च्या जुलैच्या सुरुवातीला क्षिप्रा आपली साडी न्यायला आली आणि जे बोलली, ते ऐकून संजीवनीच्या हातातली सुई थांबली. क्षिप्रा एका म्युझियममध्ये प्रदर्शनांच्या खात्यात होती, तिशीच्या आतली, बोलायला लागली की थांबायची नाही.

"काकू, आमच्याकडे ग्वाटेमालाहून कपडे येतायत. माया बायकांचे. वीपील म्हणतात त्यांना. त्या बायका स्वतः विणतात आणि स्वतः घालतात. ते भिंतीवर टांगायचेत, चित्रं टांगतात ना, तसे. प्रत्येकाच्या मागे, वरच्या कडेला एक सुती पट्टी हाताने शिवायची. पुढून टाका दिसता कामा नये, आणि मूळचा धागा तुटता कामा नये."

"म्हणजे फॉलच की."

"तेच म्हणतेय मी! आमची शिवणारी बाळंतपणाच्या रजेवर गेली, बाळ महिनाभर आधी आलं. मी मिस ओंगना तुमचं नाव सांगितलंय, माझी हमी देऊन. तीन आठवडे काम. त्यांना पटलं तर मग कायम, आठवड्यातून तीन दिवस."

"कार्ड मिळतं?" संजीवनीने विचारलं.

"कसलं?"

"गळ्यातलं."

"कायम झालात की मिळतं."

संजीवनीने साडीला बोट लावलं, घडी घातली, आणि नंतर तिच्या लक्षात आलं की साडी कोरी नव्हतीच, जुनी होती.

मिस ओंग ही म्युझियममध्ये कापडं सांभाळणारी तज्ज्ञ. पन्नाशीची, बारीक, केस कानाच्या वर कापलेले, एक चष्मा नाकावर आणि दुसरा कपाळावर. पहिल्या दिवशी तिने संजीवनीला नियम ऐकवले. तळघरातल्या कामाच्या खोलीत पेन न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. पाणी नाही, खाणं नाही. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ बाहेर काढून ठेवायचं. हात धुवायचे, पुसायचे, पुन्हा धुवायचे. उजेड मोजून ठेवलेला, कारण उजेडाने रंग उडतो, आणि खिडकी तर नव्हतीच. मंगळसूत्रावरून थोडी ओढाताण झाली. शेवटी ते एप्रनच्या आत खोचायचं ठरलं.

"हे काय?" मिस ओंगने शिवणाचा डबा उघडून विचारलं.

"माझ्या सुया. पुण्याच्या. दुसऱ्या सुईने माझा हात चालत नाही."

मिस ओंगने एकेक सुई भिंगाखाली बघितली आणि पसंत केली. मग स्टीलची डबी बोटाने सरकवली. "दोऱ्याला लावायचं मेण ना?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेली. संजीवनी खोटं बोलली नाही. तिला विचारलंच नव्हतं म्हणा ना.

मग पहिलं वीपील टेबलावर आलं. संजीवनीने वरून बघितलं, खालून बघितलं, आणि तिला हसू आलं. हे तर झबलं! दोन सरळ पट्टे मधोमध जोडलेले, डोकं घालायला भोक, बाजूने शिवण, झालं. बाळंतविड्यात तिने अशी शेकड्यांनी शिवली होती. पण जवळ वाकून बघितलं आणि हसू गेलं. तांबड्यावर जांभळं, जांभळ्यावर हिरवं, नागमोडी रेघा, दोन डोक्यांचे पक्षी, आणि एकही आकृती वरून भरलेली नव्हती. सगळं विणतानाच घातलेलं. क्षिप्राने तिला फोटो दाखवला. जमिनीवर गुडघे टेकून बसलेली बाई, मागाचं एक टोक झाडाला आणि दुसरं पट्ट्याने तिच्या कमरेला बांधलेलं. बाई मागे रेलली की ताणे ताठ होतात, पुढे झुकली की सैल. म्हणजे विणणारीची कंबर हाच अर्धा माग.

"आणि किती दिवस लागतात?"

"काहींना सहा-सहा महिने, काकू."

"आणि एवढं करून तिची पाठ राहते का?" संजीवनीला आधी तेच सुचलं.

तीन आठवडे तिने जीव ओतून काम केलं. सकाळी विश्वासबरोबर निघायचं, जुराँग ईस्टला गाडी बदलायची, आणि तांजोंग पगार आलं की तो उतरायचा आणि ती बसून राहायची. त्याच्या पुढे दोन स्टेशनं! पहिल्या दिवशी तिने खिडकीतून त्याला टाटा केला. तिचे टाके पुढून दिसायचे नाहीत; मागूनही शोधावे लागायचे. मिस ओंग कौतुक करणाऱ्यांतली नव्हती, पण दुसऱ्या आठवड्यात ती दोन्ही चष्मे उतरवून म्हणाली, "संजी, तुझा हात चांगला आहे लाह." संजीवनी हे पूर्ण नाव तिच्या तोंडात बसत नव्हतं. संजीवनीला त्याचं काही नव्हतं. सिंगापुरात वाक्याच्या शेवटी जवळिकीने जोडतात त्या 'लाह'वर ती घरी येईपर्यंत तरंगत होती.

शेवटच्या शुक्रवारी, दुपारी दोनला, बेचाळिसावं वीपील आलं. शेवटचं. तपकिरी सुताचं, त्यावर तांबड्या आणि केशरी पक्ष्यांच्या ओळी. इतर बऱ्याच वीपीलना घामाचे डाग होते, काखेत ठिगळं होती, एकावर तर दुधाचा ओघळ असावा असं वाटत होतं. हे मात्र लख्ख. आणि गळाच नव्हता. जिथे डोकं घालायचं तिथे कापड अखंड.

"हे कुणी घातलेलंच नाही," क्षिप्रा यादी वाचत म्हणाली. "गळा घालणारीच्या मापाने नंतर कापतात. हे मागावरून थेट गोळा करणाऱ्याकडे गेलं. कोरं आहे, काकू."

क्षिप्रा निघून गेली. मिस ओंग पलीकडे टेलिफोनवर होती. संजीवनीने पट्टी शिवली, शेवटची गाठ मारली, दोरा तोडला. काम संपलं, कापड कोरं. पुढचं तिने केलं असं म्हणता येणार नाही, तिच्या हाताने केलं. डबी उघडली, अनामिका आत गेली, कापडाचा खालचा डावा कोपरा उलटला, बोट टेकलं. 'घालणारीला लाभू दे' हेही मनात म्हणून झालं.

आणि मग तिला दिसलं.

मुगाच्या डाळीएवढा ठिपका, पिवळाजर्द. तिने फुंकर मारली. भुकटी उडाली, पिवळा तिथेच. मिस ओंग बोलत बोलत वळली, तेव्हा कोपरा पुन्हा खाली होता आणि संजीवनीचे दोन्ही हात मागे होते.

"झालं?" मिस ओंगने खुणेने विचारलं.

संजीवनीने मान हलवली. डबा उचलला. पाच वाजता ती बाहेर पडली, आणि विश्वासला फोनही न करता एकटीच घरी आली.

"हळद ना? मग उन्हात टाक," विश्वास म्हणाला. "दोन तासांत जाते. तूच मला शिकवलंस."

"अहो, कुठलं ऊन? तिथे दिवेसुद्धा मोजून लावतात. मी काय ते म्युझियमचं कापड आणून आपल्या खिडकीबाहेर बांबूवर वाळत घालू?"

"मग गप्प बस. उलट्या बाजूला कोण बघतंय?"

"मी बघते! कुठलंही कापड हातात आलं की मी आधी उलटं करून बघते. ती माणसं तर माझ्या वरताण आहेत. सोमवारी ग्वाटेमालाहून त्यांची बाई येतेय, मार्ता म्हणून. एकेक कापड तपासून सही करणार, मगच टांगायचं. मलाही हजर राहायला सांगितलंय."

इरा, त्यांची सतरा वर्षांची लेक, कॉम्प्युटरवरून मान न वळवता म्हणाली, "आई, जस्ट टेल देम लाह. व्हॉट्स द वर्स्ट? दे विल सॅक यू."

"ही बघा. सॅक म्हणे," संजीवनी म्हणाली, आणि तिला एकदम रडू आलं. नोकरी अजून लागलीही नव्हती आणि जायला निघाली होती. त्यात क्षिप्राने तिची हमी दिलेली. त्या पोरीने वरच्यांना काय तोंड दाखवायचं? शनिवार असा गेला, रविवारही गेला. रविवारी तिने एका जुन्या फडक्याला हळद लावून बघितली, लिंबू लावून बघितलं, दूध लावून बघितलं. ठिपका हटेना. साबण लावल्यावर तर तो लालभडक झाला. ते होणार हे तिला ठाऊकच होतं. हळदीच्या हाताला साबण लागला की काय होतं ते कुठल्याही मराठी स्वयंपाकघरात माहीत असतं.

सोमवारी गाडीत तिने ठरवलं, गेल्या गेल्या सांगून टाकायचं. वाक्यही इंग्रजीत पाठ केलं. तांजोंग पगारला विश्वास उतरला, जाताना खांद्यावर थोपटून गेला. उरलेल्या दोन स्टेशनांत तिने ते वाक्य अकरा वेळा म्हटलं.

दारातच मिस ओंग उभी होती, आणि तिच्या हातात हिरवी पट्टी होती.

"आज सकाळी मंजूर झालं," ती म्हणाली आणि पट्टी संजीवनीच्या गळ्यात घातली. कार्डावर फोटो होता, पहिल्या दिवशी क्षिप्राने काढलेला, तोंड अर्धवट उघडं. खाली लिहिलेलं: संजी केळकर, टेक्स्टाइल असिस्टंट. कार्ड दाराशी धरलं की दिवा हिरवा व्हायचा आणि दार आपोआप उघडायचं. मिस ओंगने तिला ते करून बघायला लावलं. दार उघडलं.

पाठ केलेलं वाक्य आलंच नाही. हे तिचं चुकलं आणि तिला तेव्हाही कळत होतं की चुकतंय. पण पट्टी गळ्यात होती.

मार्ता दहा वाजता आली. ठेंगणी, काळ्या सुटातली, पांढऱ्या केसांची जाड वेणी. एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात जाडजूड फाइल. ती प्रत्येक वीपील पुढून बघायची, उलटायची, मागून बघायची, आलेल्या दिवशीच्या फोटोशी ताडून बघायची आणि पेन्सिलने खूण करायची. एक, दोन, दहा, वीस. तिने टाके बघितले आणि भुवया वर करून संजीवनीकडे बघून हसली. एरवी संजीवनीला त्या हसण्यावर आठवडा काढता आला असता.

बेचाळिसाव्याचा कोपरा उलटला आणि विजेरी तिथे थांबली.

फोटो काढून बघितला. फोटोत ठिपका नव्हता. मिस ओंग वाकली, एक चष्मा लावला, मग दुसरा, आणि सरळ उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"आलेल्या दिवशी मीच तपासलं होतं," ती म्हणाली. "फोटोत उजेडाने आलं नसेल. माझ्या नजरेतून सुटलं. चूक माझी आहे."

हे वाक्य त्या बाईने तीस वर्षांत कधी उच्चारलं नसावं. उच्चारताना तिला किती कष्ट पडले ते दिसत होतं. मिस ओंगने मार्ताकडे परवानगी मागितली, आधी अगदी कडेला, एका धाग्यावर साफ करून बघते. मार्ताने मान डोलावली. मिस ओंगने कपाटातून बाटली काढली, काडीवरचा कापूस त्यात भिजवला.

"यात काय आहे?" संजीवनीने विचारलं.

"काही नाही. साबणासारखंच, अगदी सौम्य."

काडी कोपऱ्याकडे निघाली.

"अगंबाई, साबण नको!" संजीवनी मराठीतच ओरडली, आणि मिस ओंगचा हात तिने धरला. धरला म्हणजे चांगला मनगटाला पकडला. "साबण नको! लाल होईल. ती हळद आहे. कुन्यित, कुन्यित! मी लावलीय."

मिस ओंगला हळद कळली नसती, पण कुन्यित हा हळदीचा मलाय शब्द सिंगापुरात भाजीवालीलाही कळतो. तिने काडी खाली ठेवली. संजीवनीने डबा उघडला, बॉबिनांखालची डबी काढली आणि टेबलापासून लांब धरून झाकण उघडलं. मेण नव्हतं.

मग तिने सगळं सांगितलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, मधे मधे मराठीत घसरत. कोरं कापड. कोपरा. शुक्रवार. कार्ड मिळालं म्हणून सकाळी गप्प राहिले. हे शेवटचं सांगताना तिला सगळ्यात लाज वाटली. मिस ओंग भिंतीकडे बघत ऐकत होती. मार्ता मात्र सरळ तिच्याकडे बघत होती.

"हळद लावताना काही म्हणतेस का?" मार्ताने विचारलं.

"घालणारीला लाभू दे, असं म्हणते."

"याला घालणारी नाही."

"ते माझ्या लक्षात आलं नाही. कोरं दिसलं आणि हात गेला."

मार्ताने अखंड गळ्यावरून हात फिरवला, कापडाला न लावता, वरच्यावर. "माझी आजी विणायची," ती म्हणाली. "हे आमच्याकडचं सगळ्यात मौल्यवान वीपील आहे. का, तर ते कुणी घातलं नाही. मी दर वेळी पेटी उघडते आणि मला वाईट वाटतं."

"बिचारं," संजीवनी मराठीत म्हणाली. मार्ताने त्याचा अर्थ विचारला नाही.

"पुसायचं नाही," मार्ता मिस ओंगला म्हणाली. "जबरदस्ती केली तर धागा जाईल. आहे ते लिहून ठेवू. त्याच्याबरोबर जाईल."

मिस ओंग खुर्चीवर बसली आणि त्या वीपीलचा कागद पुढे ओढला. पेन्सिलला टोक केलं. पिवळा ठिपका, तीन मिलिमीटर, मागील बाजू, खालचा डावा कोपरा. हळद. मग तिने विचारलं, "तुझं पूर्ण नाव सांग. सगळं."

"संजीवनी विश्वास केळकर."

मिस ओंगने ते एकेक अक्षर विचारून लिहिलं. 'यांनी नव्या वस्त्राला शुभ म्हणून लावली, सिंगापूर, जुलै २००६.' संजीवनी तिच्या खांद्यावरून बघत होती. तिच्या नावाच्या वर, त्याच कागदावर, बाकीचे रकाने होते. गाव होतं. साल होतं. गोळा करणाऱ्याचं नाव होतं, लांबलचक, पदवीसकट. आणि त्याखाली: विणणारी, अज्ञात.

"हे असं का?" तिने बोट दाखवलं.

मार्ताने खांदे उडवले, पण तिला ते सोपं गेलं नाही. "तो तिच्या दारात गेला, कापड घेतलं, निघाला. तिला नाव विचारलं नाही."

"म्हणजे जिने सहा महिने पाठ मोडून विणलं तिचं नाव नाही, आणि जिने डाग पाडला तिचं आहे?"

मिस ओंगने पेन्सिल खाली ठेवली, आणि हात पुढे केला. संजीवनीला काय ते कळलं. नियम होता: दुसऱ्यांच्या वस्तूला ज्याच्या हातून इजा झाली, त्याला त्या खोलीत परत येता येत नाही. तिने पट्टी डोक्यावरून काढली. पट्टी मंगळसूत्रात अडकली, ती सोडवायला मिस ओंगनेच मदत केली. चार तास, एवढंच तिला कार्ड लाभलं.

"क्षिप्राला काही बोलू नका," संजीवनी म्हणाली.

"क्षिप्राचा काय संबंध? डबी मी उघडून बघायला हवी होती," मिस ओंग म्हणाली. "तसंच मी लिहिणार आहे."

त्या दिवशी जुराँग ईस्टला गाडी बदलताना संजीवनी रडली. भर दुपारी, फलाटावर, पर्समधला रुमाल न सापडता. फार मनापासून हवी असलेली गोष्ट जाते तेव्हा असंच रडू येतं. रात्री तिने विश्वासला कागदाची हकिगत सांगितली.

"संजीवनी विश्वास केळकर? म्हणजे त्या डागात मीही आलो," तो म्हणाला. ती हसली नाही, म्हणून तो उठला आणि चहा करून घेऊन आला. चहा वाईट झाला होता. तिने तो सगळा प्यायला.

प्रदर्शन सुरू झालं तेव्हा तिघं तिकीट काढून गेली. बेचाळीस वीपील भिंतींवर टांगलेली, एकही टाका दिसत नव्हता. लोक हळू आवाजात बोलत होते. संजीवनी बराच वेळ तपकिरी वीपीलपुढे उभी राहिली, आणि इराला सांगितलं की खालच्या कोपऱ्याच्या मागे काय आहे. पाटीवर 'अज्ञात'च होतं.

त्यानंतर तिने एक खोड लावून घेतली. कुणी कोरी साडी घेऊन आलं की ती विचारायची, "विणलीय कोणी?" बायका दुकानाचं नाव सांगायच्या, गावाचं सांगायच्या, कुठल्या लग्नाला घेतली ते सांगायच्या. विणणारं माणूस एकीलाही माहीत नव्हतं. संजीवनी तरी कुठे कधी विचारायला गेली होती? हजारो साड्या हाताखालून गेल्या आणि एवढं साधं तिला सुचलं नव्हतं. ती बोट लावायची, पण आताशा तिला ते अर्धं वाटायचं.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी बेल वाजली. दारात मिस ओंग, दोन्ही चष्म्यांसकट, हातात कागदी पिशवी. संजीवनीने घाईघाईने सोफ्यावरच्या साड्या उचलल्या. विश्वास पेपर घेऊन आत पळायला निघाला आणि दारातच थबकला.

"माझ्या भाचीचं लग्न आहे," मिस ओंग म्हणाली आणि पिशवीतून नवा केबाया काढला, तिकडच्या बायका समारंभाला घालतात तो लांब बाह्यांचा ब्लाउज, झिरझिरीत कापडाचा, पुढच्या दोन्ही कडांना जाळीदार फुलं भरलेली. "खालची दुमड उसवलीय. माझे डोळे पोचत नाहीत हल्ली." हे खोटं होतं. त्या बाईचे डोळे घारीचे होते.

संजीवनीने तिथेच बसून दुमड शिवली. मिस ओंगने चहा घेतला, खिडकीबाहेर बघितलं, मग खिडकीकडे बघतच म्हणाली, "आणि ते. कोपऱ्यातलं. तेही लाव."

संजीवनीने डबी काढली. अनामिका आत घातली. केबायाचा कोपरा उलटला, आणि हात थांबला.

"हे भरलंय कोणी?"

"काटोंगच्या दुकानातून घेतला."

"दुकान नाही विचारलं. ही फुलं भरली कोणी?"

मिस ओंगने पर्समधून हँडफोन काढला, दुकानाचा नंबर लावला आणि उभी राहून विचारायला लागली. पलीकडून काहीतरी नाराजीचं ऐकू आलं. मिस ओंगने आवाज चढवला. तळघरात ती नियम सांगायची, तो आवाज. पलीकडचा माणूस कुणाला तरी विचारायला गेला. चांगली पाच मिनिटं गेली. संजीवनी पिवळं बोट तसंच हवेत धरून बसली होती, आणि विश्वास दारात पेपर घेऊन उभाच होता.

"रोकिया," मिस ओंग अखेर म्हणाली आणि चिठ्ठीसाठी पेन्सिल शोधायला लागली. "रोकिया बिन्ते सलीम."

संजीवनीने ते नाव एकदा मोठ्याने म्हटलं, आणि मग बोट टेकवलं.